गृहीतकं नापास होत नाहीत

'उद्योजकता आणि नवोन्मेष व्यवस्थापन' या भारदस्त विषयात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या मुलामुलींचे प्रबंध तपासायला मला अधूनमधून बोलावतात. बाहेरचा परीक्षक म्हणून. मानधनात पानाची टपरीही उघडता येणार नाही, पण चहाबरोबर काजू कतली असते, त्यामुळे तिथे बसून कडू बोलवत नाही. ते इथे बोलतो.

प्रबंध असा असतो. विषय: विद्यार्थ्यांचा उद्योजकीय इरादा आणि त्यावर परिणाम करणारे घटक. नमुना: स्वतःचा वर्ग, शिवाय वरच्या मजल्यावरचा एमबीएचा वर्ग. साधन: गुगल फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला, खाली हात जोडलेला इमोजी. विधान पहिलं: 'मला भविष्यात उद्योजक व्हायला आवडेल.' एक ते पाच गुण द्या. आता तुम्हीच सांगा, उद्योजकतेच्या वर्गात बसून कोण माईचा लाल 'अजिबात नाही' वर टिचकी मारणार? मग चौकटी येतात, चौकटींतून बाण निघतात, बाणांवर आकडे बसतात आणि आकड्यांच्या डोक्यावर तारे. या साऱ्या रोषणाईला आधार आयझेन यांच्या 1991च्या सिद्धांताचा. त्यांच्या मते इरादा ही कृतीकडे नेणारी पायरी. आमच्याकडे पायरीलाच गच्ची समजून मंडळी वर सतरंजी अंथरतात. आणि कृती? ती 'पुढील संशोधनास वाव' या प्रकरणात सुखरूप ठेवलेली असते.

गैरसमज नको. या विषयातलं संशोधन टुकार आहे असं मी म्हणत नाही. उलट त्यातलं चांगलं संशोधन इतकं खवचट आहे की ते नीट वाचलं तर निम्म्या विभागांना कुलपं लावावी लागतील. 2014 साली 73 अभ्यास आणि 37,285 माणसं एकत्र घेऊन एक मोठी बेरीज मांडली गेली: उद्योजकता शिकवल्याने इरादा वाढतो का? किंचित वाढलेला दिसतो. पण शिकवण्याआधी तो किती होता हे हिशेबात धरलं की सांगण्यासारखी वाढ उरत नाही. ज्यांना मुळात खाज होती तेच वर्गात येऊन बसले होते! त्याआधी 2010 साली नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्र्यांनी एक अभ्यासक्रम तपासला. त्यात मुलं काही महिने स्वतःची छोटी कंपनी चालवतात. कौशल्यांत फरक जवळजवळ शून्य. इरादा? चक्क घटला. धंदा म्हणजे काय ते मुलांना बहुधा कळलं. माझ्या लेखी त्या अभ्यासक्रमाला सुवर्णपदक द्यायला हवं.

हे दोन्ही पेपर आमच्या प्रबंधांत असतात बरं का! 'अमुक व सहकारी (2010) यांनी उद्योजकता शिक्षणाच्या परिणामांचा अभ्यास केला.' पूर्णविराम. पुढचा परिच्छेद. काय सापडलं? ते विचारायचं नाही. लग्नाला जाऊन आलो एवढंच घरी सांगायचं आणि नवरदेव मांडवातून पळाला हे गाळायचं, असा हा संशोधन-साहित्याचा आढावा.

आता जरा वरच्या, म्हणजे परलोकाच्या पातळीवर जाऊ. शेन आणि वेंकटरामन यांनी 2000 साली लिहिलं की उद्योजकतेच्या अभ्यासाचा गाभा म्हणजे 'संधी': ती कुठून येते, कोण ओळखतो, कोण वापरतो. लेख गाजला, दहा वर्षांनी दशकातला लेख म्हणून त्याचा सत्कारही झाला. मग प्रश्न पडला की संधी मुळात असते आणि उद्योजक ती शोधतो, की नसतेच आणि तो ती घडवतो? 2007 साली अल्वारेझ आणि बार्नी यांनी दोन्ही पक्ष शेजारी शेजारी मांडले आणि द्वैत-अद्वैताचा आखाडा सुरू झाला. पुढे कुणी म्हणालं, संधी ही एक संभाव्यता आहे. कुणी म्हणालं, संधी हा शब्दच टाकून द्या. शंकराचार्य आणि मध्वाचार्य यांच्या अनुयायांना निदान मठ तरी सांभाळायचे होते. इथे नुसत्या तळटीपा. तिकडे भोसरीत एका लेथवर सुरुवात करून चार शेड उभ्या केलेल्या माणसाला विचारा की तुमची संधी शोधलेली की घडवलेली. तो तुम्हाला आधी पाणी पाजेल, मग डॉक्टरांचा नंबर देईल.

नवोन्मेषाच्या दालनात मुख्य देवता अर्थातच क्लेटन ख्रिस्तेन्सन. 1997च्या त्यांच्या पुस्तकाने 'डिसरप्शन' हा मंत्र जगाला दिला. गृहस्थ सज्जन आणि हुशार, यात वाद नाही. पण त्यांच्या विचारांवर 2000 साली काढलेला गुंतवणूक फंड वर्षभराच्या आत गुंडाळावा लागला, आणि 2007 साली त्यांनी आपल्या सिद्धांताच्या आधारे सांगितलं की आयफोन काही चालायचा नाही. 2015 साली दोन संशोधकांनी त्यांच्याच पुस्तकांतली 77 उदाहरणं घेऊन त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांना विचारलं. सिद्धांताच्या चारही अटी पाळणारी निघाली 9 टक्के. एवढं होऊनही आमच्याकडे गुळाच्या चहाची फ्रँचायझी 'डिसरप्टिव्ह' ठरते. का? तर कुल्हडवर क्यूआर कोड आहे. मूळ पुरुष शुम्पीटर यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. उद्योजक म्हणजे जुनं मोडून नवं जुळवणारा, हे सांगणारा हा पंडित व्हिएन्नात एका बँकेचा प्रमुख झाला आणि 1924 साली स्वतःच कर्जात बुडाला. सर्जनशील विध्वंसातला निम्मा भाग तरी त्याने जातीने करून पाहिला होता.

सरस सरस्वती यांचा 2001चा लेख मात्र मला मनापासून आवडतो. बाईंनी 27 मुरलेले उद्योजक गाठले, त्यांच्यापुढे एका काल्पनिक कंपनीचे प्रश्न ठेवले आणि सोडवताना मोठ्याने विचार करा म्हणाल्या. दिसलं ते असं: ही माणसं बाजाराचं भाकीत करत बसत नाहीत. हाताशी काय आहे, ओळखी कुणाशी आहेत, किती बुडालं तर चालेल, इथून ती सुरुवात करतात. समजावून सांगायला लेखात 'करी इन अ हरी' नावाचं भारतीय उपाहारगृहही आहे. डबे पोचवून घर उभं करणाऱ्या कुठल्याही काकूंना हे ठाऊक आहे म्हणा. पण ते माणसांच्या तोंडून काढून सिद्धांतात बसवणं सोपं नव्हे. आमच्या प्रबंधात या मेहनतीचं काय होतं? 'मी हाताशी असलेल्या साधनांपासून सुरुवात करतो: एक ते पाच.' भरतो कोण? ज्याच्या हाताशी मोबाइल आणि वडिलांचा यूपीआय एवढीच साधनं आहेत तो.

आणि आता तारापूर. जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जाणारा एक प्रयोग आपल्या अंगणात झाला आहे. निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या 17 कंपन्यांच्या कापड गिरण्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही कारखाने निवडले आणि त्यांना काही महिने सल्लागार दिले. सल्ला काय, तर यंत्र कधी बंद पडलं ते लिहा, कापडात दोष कुठे आला ते लिहा, गोदामात सूत किती आहे ते मोजा, फरशीवरचा कचरा उचला. संपलं. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 साली हे छापून आलं. मग शेटजी आधी का करत नव्हते? कुणाला माहीत नव्हतं, कुणाला वाटत होतं आपलं बरं चाललंय. सगळ्यात झणझणीत मुद्दा पुढे आहे. कंपनी किती मोठी होणार हे व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा घरात पुरुष किती यावर ठरत होतं, कारण बाहेरच्याच्या हाती कारभार द्यायला मालक तयार नव्हते. डझनभर 'ग्रोथ मॉडेल' एकीकडे आणि दोन चुलतभाऊ एकीकडे! नऊ वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्यातलं जवळपास निम्मं गळून पडलं होतं. व्यवस्थापक बदलले, मालकांना वेळ नव्हता. तरीही ते कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते.

मुंबईहून सकाळी निघालं तर तारापूर बघून संध्याकाळी घरी जेवायला येता येतं. मी चाळलेल्या प्रबंधांपैकी एकातही कारखान्याचं गेट दिसलं नाही. इनोव्हेशन कौन्सिलचे फोटो मात्र भरपूर. 2018पासून केंद्र सरकारच्या कृपेने महाविद्यालयांत या परिषदा आहेत, त्यांना तारांकित मानांकन मिळतं, म्हणून उपक्रम करायचा, बॅनर धरायचा, फोटो अपलोड करायचा. बॅनरवर हुडी घातलेला विशीतला पोरगा. अमेरिकेतल्या सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय 45 निघालं, हे 2020 साली छापून आलंय. पण चष्मा आणि टक्कल बॅनरवर शोभत नाही.

त्याच 2020 सालचा आणखी एक पेपर. इटलीत 116 नवे उद्योग घेतले. प्रशिक्षण सगळ्यांनाच दिलं, पण निम्म्यांना वरून एवढं सांगितलं: आपली कल्पना हे गृहीतक समजा आणि ते खोटं ठरतंय का ते तपासा. या निम्म्यांची कमाई बरी झाली आणि चुकीची कल्पना सोडून दुसरीकडे वळण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसलं. म्हणजे तिकडे दुकान टाकायला निघालेली माणसं शास्त्रज्ञासारखी वागायला शिकतात, आणि इकडे त्या शास्त्राची पदवी घेणाऱ्यांची गृहीतकं पाचपैकी पाच उत्तीर्ण! गेल्या खेपेला एका मुलीला विचारलं, "काय दिसलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझं चुकलं?" तिने गाइड मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "सर, तिची सगळी हायपॉथिसिस सिग्निफिकंट आली आहेत."

"पण मॅडम, एखादा कारखाना का नाही घेतला? पंधरा मिनिटांवर एमआयडीसी आहे."

"सर, एका कारखान्यावर रिग्रेशन कसं चालवणार?"

"सरस्वतीबाईंनी 27 माणसांवर सिद्धांत उभा केला."

"त्या व्हर्जिनियात आहेत, सर," मॅडम माझ्यापुढे काजू कतली सरकवत म्हणाल्या. "आमच्याकडे शंभराच्या खाली सॅम्पल घेत नाहीत."