अभ्यागत

मुलांनो, एखाद्या सरकारी कचेरीत गेलात, तर ‘अभ्यागतांसाठी भेटीची वेळ’ अशी पाटी तुम्हांस दिसेल. शासकीय रुग्णालयांतही अभ्यागत समिती असते. एरवी हा शब्द आपल्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसाच झाला आहे. घरी येतो तो पाहुणा आणि कचेरीत येतो तो अभ्यागत, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. माझ्या मते ही वाटणी बरी नव्हे.

शब्दाची घडण पाहा. ‘अभि’ म्हणजे कडे आणि ‘आगत’ म्हणजे आलेला. आपल्याकडे आलेला, तो अभ्यागत. तो कोण, कोठला, कोणत्या जातीचा, श्रीमंत की गरीब, याविषयी हा शब्द एक अक्षरही बोलत नाही. तो आला आहे, एवढेच सांगतो.

याचा जुना जोडीदार अतिथी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे परंपरेने सांगतात. भाषेचे अभ्यासक मात्र हा शब्द ‘अत्’, म्हणजे फिरत राहणे, या धातूशी जोडतात. पाहुणा हा शब्द ‘पाहणे’ यावरून आला असे पुष्कळांस वाटते, पण तसे नाही. संस्कृतात ‘प्राघुण’, प्राकृतात ‘पाहुण’ आणि मराठीत पाहुणा, अशी त्याची वाट आहे. आगंतुकाची कथा मात्र खेदाची आहे. अभ्यागत आणि आगंतुक हे दोघेही ‘गम्’ या एकाच धातूची लेकरे. आगंतुक म्हणजे मुळात नुसता आलेला. आज मात्र न बोलावता घुसलेल्यास आपण आगंतुक म्हणतो. दाराशी आलेल्याकडे आपण ज्या नजरेने पाहिले, ती नजरच त्या शब्दास चिकटली. अभ्यागत म्हणजे अर्ज घेऊन बाकावर ताटकळणारा माणूस, एवढाच अर्थ उद्या उरू नये, अशी मला काळजी वाटते.

आमच्या बीड जिल्ह्यात वाटेवरच्या अनोळखी माणसासही ‘काय पाव्हणं, कुण्या गावचं?’ असे विचारण्याची रीत आहे. अगोदर पाहुणा ठरवावयाचे आणि मग गाव विचारावयाचे, हा क्रम मला फार आवडतो. आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई या मार्गाने पंढरपूरला जाते. त्या वेळी वाटेवरची गावे वारकऱ्यांना भाकरी देतात, पाणी देतात. नाव कोणी विचारीत नाही. पण वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, हातात पताका असते. त्यास अभ्यागत मानणे सोपे आहे. ज्याच्याजवळ अशी खूण नाही, त्याचे काय?

दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उन्हाळा लागेपर्यंत ती परक्या गावाच्या शिवारात कोप्या घालून राहतात. पहाटे उसाच्या फडात आणि संध्याकाळी पाण्याच्या शोधात, असा त्यांचा दिवस जातो. त्यांतील एखादी आई रिकामा हंडा घेऊन तेथील एखाद्या दाराशी उभी राहिली, तर तिला कोणत्या नावाने हाक मारतात? तुमच्या वर्गात आईवडिलांबरोबर तिकडे राहून आलेला एखादा सोबती असेल, तर त्यास विचारून पाहा.