कारखाना परतेल, कामगाराच्या ओळखीचे काय?

एग्मोर (चेन्नई) : एग्मोरहून चेंगलपट्टूकडे जाणारी लोकल मराईमलाई नगरला थांबते. तेथील फोर्डच्या कारखान्यात जुलै २०२२ मध्ये शेवटची मोटार तयार झाली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी कंपनीने भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा साणंद व चेन्नई मिळून सुमारे ४,००० नोकऱ्यांवर गदा आली. आता ३,२५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीतून २०२९ पासून येथे इंजिने तयार होणार असून सुमारे ६०० रोजगार अपेक्षित आहेत. म्हणजे कारखाना परतला, तरी बहुतेकांची नोकरी परतणार नाही.

कायदा या हानीचे मोजमाप वेतनात करतो. औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी भरपाईखेरीज पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या वेतनाइतक्या रकमेची तरतूद आहे. मात्र ‘आपण काय करता?’ या प्रश्नाचे उत्तरच हिरावले गेले, त्याची भरपाई कोणत्याही कलमात नाही.

या प्रश्नाचे अपुरे का होईना, उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडते. १९८२ च्या संपानंतर हजारोंचे काम गेले. चाळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा यांनी त्यांची चूल पेटवली नाही. पण गिरणी सुटलेल्या माणसाला चारचौघांत स्थान राहिले. आजच्या औद्योगिक पट्ट्यात कंपनीची बस कामगारांना दूरदूरच्या वस्त्यांतून आणते. ती बंद झाली की सहकारीही दुरावतात. त्यामुळे पुनर्वसनाचा विचार प्रशिक्षणापाशी थांबून चालणार नाही. नोकरीबाहेरची ओळख एकट्याने घडत नाही. तिला वस्ती आणि संघटनेची सोबत लागते.