सर्दीची गोळी, कर्करोगाचे कोडे

कर्जत-खालापूर परिसरातील स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला, की अनेकदा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागते. कर्जत वा खोपोलीहून लोकलने सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि त्यावर औषधांचा खर्च. म्हणूनच काही रुपयांना मिळणारी अॅलर्जीची गोळी कर्करोगावर उपयोगी पडेल काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

हिस्टामिन हे शरीरात स्रवणारे द्रव्य पेशींवरील चार प्रकारच्या ग्राहींमार्फत कार्य करते. त्यांपैकी एच-१ अडवला की शिंका थांबतात. एच-२ अडवला की जठरातील आम्ल घटते. गाठीभोवतीच्या भक्षक पेशींवरील एच-१ ग्राही हिस्टामिनने चेतवला, तर कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी निष्प्रभ होतात, असे अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. उंदरांमध्ये हा ग्राही अडवल्यावर इम्युनोथेरपीचा परिणाम वाढला. त्याआधी २०२० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांना डेसलोराटाडीन किंवा लोराटाडीन घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण अधिक काळ जगल्याचे नोंदींत आढळले होते.

मात्र नोंदींतील संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अॅलर्जी असणाऱ्यांची प्रतिकारशक्ती मुळातच वेगळी असू शकते. निर्णायक उत्तर रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून केलेली चाचणीच देऊ शकते. खरी अडचण येथेच आहे. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर मोठा खर्च करण्यात औषध कंपन्यांना लाभ दिसत नाही.

ही कोंडी फोडता येते, हे टाटा स्मारक केंद्रानेच दाखवून दिले आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचे जुने, स्वस्त औषध टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण औषध न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के, तर टोचलेल्या गटात ९०.१ टक्के होते.

हिस्टामिनच्या ग्राहींबाबतही अशाच सार्वजनिक निधीतील चाचणीची गरज आहे. तोवर डॉक्टरांना न विचारता या गोळ्या सुरू करणे किंवा त्यांच्या भरवशावर चालू उपचार सोडणे घातक ठरेल. गाठ लक्षात येताच तपासणी करून घेणे, हाच आजचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.