आधी माणसं, मग टॉवर

आफ्रिकाभर चर्चच्या बातमीदारांचं जाळं विणायचं म्हटलं की लोक आधी स्टुडिओचा खर्च काढतात. (आम्हा इंजिनिअर मंडळींची जुनीच खोड!) अदिस अबाबात लुथरन चर्चचं 'रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल' १९६३ साली सुरू झालं. कितीतरी देशांत ऐकू जायचं. १९७७ मध्ये लष्करी राजवटीने स्टेशन ताब्यात घेतलं, खेळ खलास.

आता काँगो बघा. ३० डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत कॅथलिक बिशपांनी सुमारे ४०,००० निरीक्षक नेमले होते. दुसऱ्याच दिवशी इंटरनेट तोडलं गेलं. तरी ३ जानेवारीला बिशपांनी जाहीर केलं, की विजेता कोण ते आम्हाला कळलंय! हे काही बातमीदार नव्हते, पण जाळं असंच हवं. पैसा गावातल्या, तिथलीच भाषा बोलणाऱ्या माणसांवर खर्च करा. त्यांच्या मोबाइलचा बॅलन्स कोण भरणार, तेही आधीच ठरवा.