आपल्याच गावात पाहुण्या

परवा पुण्याची भाची चार दिवस राहायला आली. चहा घेता घेता तिनं विचारलं, ''मामी, तुमच्या कागलमध्ये बघण्यासारखं काय आहे गं?'' मी पटकन बोलून गेले, ''इथं काय असणार? उद्या कोल्हापूरला जाऊ. अंबाबाई, रंकाळा दाखवते.''

बोलले खरी, पण मनाला लागलं. लग्न होऊन या गावात बावीस वर्षं झाली. घर, बाजार, शाळा, देऊळ आणि बचत गटाची बैठक, एवढंच माझं कागल! गैबी चौकातून हजार वेळा गेले असेन, पण हातात पिशवी घेऊन, घाईघाईनं. तिथं निवांत थांबायचं ते पुरुषांनी. बाई थांबली की विचारणारे हजर, ''काय वैनी, कुणाची वाट बघताय?''

मैत्रिणींनो, मग आम्ही मामी-भाची गावातच फिरायचं ठरवलं. राजर्षी शाहू महाराज 1884 मध्ये दत्तक गेले ते याच कागलच्या घाटगे घराण्यातून, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण जयसिंगराव तलावाच्या काठावर उभं राहून भाचीला सांगताना ते पहिल्यांदा आपलं वाटलं. आनंद यादव इथलेच. त्यांच्या 'झोंबी'ला 1990 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी बी.ए.ची, तरी ते पुस्तक वाचायचं राहूनच गेलं होतं. आता वाचलं. शिकण्यासाठी धडपडणारा मुलगा तर त्यात आहेच, पण बाळंतपणं आणि कष्ट यांत पिचून गेलेली आईही आहे. अशा बाया आपण पाहिल्यात की नाही? 'नटरंग' कादंबरीही त्यांचीच. तिच्यावरच्या 2010 च्या चित्रपटात नायकाचं आडनाव 'कागलकर' आहे. थिएटरात आम्ही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन विसरून गेलो.

पायताणांचंही तेच. कापशी हा कोल्हापुरी चपलेचा नावाजलेला प्रकार, आमच्याच तालुक्यातल्या गावाच्या नावाचा. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या कंपनीनं तशाच चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये मिरवल्या, तेव्हा कुठं आपण जागे झालो. त्या चपलेवरची नाजूक वेणी बहुतेक वेळा घरातल्या बायकाच घालतात. पण त्यांचं नाव कुठं येतं का?

आणि खाणं! तांबडा-पांढरा रस्सा म्हटलं की हॉटेलांच्या पाट्या आठवतात. पण उन्हाळ्यात डंकावर चटणी करून आणणारी, वर्षाची बेगमी करणारी बाई कुणाला आठवते? आमच्या शेजारच्या आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या हातची खपली गव्हाची खीर सगळ्या गल्लीला माहीत. भाची वही घेऊन बसली. आक्का सांगत गेल्या, गव्हाला पाण्याचा हात लावायचा, सडायचा, पाखडायचा, पार मऊ शिजवायचा. ''गूळ मागनं घालायचा बघ. आधी घातलास तर गहू तसाच टणक ऱ्हातोय.'' प्रमाण विचारलं तर हाताची ओंजळच पुढं केली. शेवटी हळूच म्हणाल्या, ''आजवर कुणी इचारलंच न्हाई गं बाई मला.''

त्या एका वाक्यानं माझा जीव कासावीस झाला. आक्कांना सुना आहेत, नाती आहेत, शेजारीण म्हणून मी आहे. खीर आम्ही सगळ्यांनी खाल्ली, पण विचारलं कुणीच नाही. उद्या ती ओंजळ राहिली नाही तर खीरही गेलीच की! मग विकतच्या मिक्सच्या पाकिटावर 'पारंपरिक' असं छापलेलं आपण कौतुकानं वाचत बसू.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, महिन्यातून एक दुपार गावासाठी ठेवायची. चौघी-पाचजणींनी मिळून निघायचं. कधी तलावावर, कधी वाचनालयात, कधी कापशीला, तर कधी एखाद्या आक्कांच्या स्वयंपाकघरात. सोबत एक वही घ्यायची. रेसिपी लिहायची आणि खाली सांगणारीचं नावही लिहायचं. याला पैसा लागत नाही. ''कुठं निघालीस?'' या प्रश्नाला ''गाव बघायला'' असं न घाबरता म्हणायचं, एवढंच धाडस लागतं.

घरातली कामं कधी संपत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण माहेर सुटलं, तेव्हापासून हेच आपलं गाव. त्यात आपण पाहुण्यासारखं किती दिवस राहायचं?