चावी कुणाच्या हातात?

"फुकट आहे, सोपं आहे, घ्या टाकून!" टॅबलेटवरून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवायचं ॲप निवडताना आपल्या बैठकांत चर्चा होते ती एवढीच. मैत्रिणींनो, हे पुरेसं नाही.

शीळफाट्याला बस तासभर अडकते. कार्यकर्ती बसल्याजागी डोंबिवलीच्या केंद्रातली फाइल उघडते. फाइल केंद्रातच राहते, टॅबलेटवर फक्त दिसते. सोय मोठी आहे. पण त्या फाइलीत असतो मार खाऊन घर सोडलेल्या बाईचा आजचा पत्ता. तो नवऱ्याच्या हाती लागला तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिची सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद केली. आणि आपण खिडकी सताड उघडी ठेवायची?

ही भीती मनची नाही. एनीडेस्कच्या आडून बँक खाती लुटली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच दिला होता. २०२४ मध्ये त्या कंपनीनंच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं.

म्हणून विचारायचं: पासवर्डानंतर दुसरी खूण मागतं का? कोण कधी शिरलं याची नोंद राहते का? टॅबलेट हरवला तर त्याचा प्रवेश लगेच बंद करता येतो का? रस्टडेस्क आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. खर्च आहे, शिकावं लागतं. पण चावी आपल्याकडे राहते.

"तांत्रिक बाबी पोरं बघतील" हे आता पुरे. घरावर हक्क सांगायला बायांना शिकवणाऱ्या आपण, आपल्याच कपाटाची चावी दुसऱ्याच्या खिशात का ठेवतो?