कौतुक पुरे, दोन तास द्या

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ती न बदलल्यास पाठीवर, कमरेवर आणि टाचांवर शय्याव्रण होतात, आणि ते कधीकधी मूळ आजाराहूनही अधिक छळतात. ज्या घरात असे माणूस आहे त्या घरच्या दिवसाला चोवीस तास नसतात, बारा कुशी असतात. न्हावा शेव्याच्या बंदराजवळील वसाहतीत गेली सहा वर्षे आम्ही या घड्याळाने जगत आहोत. आमच्या पत्नीचे उजवे अंग अर्धांगवायूने लुळे पडले आहे. तिचे बोलणे निम्मे उरले आहे. समज मात्र पूर्ण शाबूत आहे.

हे दुःख उगाळण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आमचा वाद आहे, आणि तो आमच्यावर माया करणाऱ्या माणसांशीच आहे.

काही महिन्यांपूर्वी एका धर्मग्रामात आजाऱ्यांच्या सेवेविषयी व्याख्यान झाले. व्याख्यात्यांनी आमचे उदाहरण दिले. हे गृहस्थ स्वतः स्वयंपाक करतात, भांडी घासतात, चादरी धुतात आणि त्यातच त्यांना मनःशांती लाभते. घरकाम हेच त्यांचे औषध आहे, असे ते म्हणाले. सभागृहात टाळ्या झाल्या. आम्ही मान खाली घालून बसलो होतो; लोकांना तो विनय वाटला असावा. वस्तुतः आम्हांला राग आला होता. व्याख्याते खोटे बोलले नव्हते, कारण ती गोष्ट आम्हीच त्यांना सांगितली होती. परंतु त्यांनी निम्मीच सांगितली, आणि निम्मे सत्य ऐकणाऱ्यांना फार सोयीचे असते.

आधी ते निम्मे सत्य आम्ही मान्य करतो. बंदरातील नोकरीत असताना आम्ही घरात कधी चहादेखील केला नव्हता. आज कोलंबी सोलताना, नारळ खोवताना, परातीत तांदूळ निवडताना मनावरचा ताण खरोखर उतरतो. त्याचे कारणही आम्हांला कळले आहे. आजाराला शेवट दिसत नाही; पातेल्याला दिसतो. सकाळभर खपूनही पत्नीच्या हाताची बोटे काल होती तशीच आखडलेली राहतात, पण करपलेले पातेले घासले की ते चकचकीत होते. ज्याचे सारे श्रम अदृश्य झाले आहेत, त्याला डोळ्यांना दिसणारे एखादे फळ हवे असते. वाळत घातलेल्या चादरींची ओळ पाहून आम्ही कित्येकदा क्षणभर सुखावलो आहोत. हे सुख लहान असले तरी खोटे नाही, आणि ते हिणवण्याचा आमचा हेतू नाही.

शास्त्रज्ञांनीही या सुखाची दखल घेतली आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासावयास लावले. २०१५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. साबणाचा वास, पाण्याची ऊब, भांड्याचा स्पर्श यांकडे सारे लक्ष देऊन ज्यांनी भांडी घासली, त्यांची अस्वस्थता घटली. ज्यांनी ते काम नुसतेच उरकले, त्यांना तसा लाभ झाला नाही. म्हणजे गुण भांड्यांत नव्हता, एकाग्रतेत होता. आता आमचा प्रश्न असा की, पलीकडच्या खोलीत आजारी पत्नी असताना ही एकाग्रता आणावी कोठून? त्या विद्यार्थ्यांच्या पलीकडच्या खोलीत कोणी कण्हत नव्हते. आमचा एक कान सदैव त्या खोलीकडे असतो. ती खोकली की हातातील भांडे गळते. ती फार वेळ गप्प राहिली तर त्याहूनही लवकर गळते.

हेच ते उरलेले निम्मे. घरकामाने विसावा मिळतो, पण तो त्याच दिवशी मिळतो ज्या दिवशी दुसरे कोणी आजाऱ्यापाशी बसलेले असते. आमच्याकडे दर गुरुवारी एक कोळी बाई येतात. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला तेव्हा त्यांचे कुटुंब उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात गेले. वाळवीने पोखरलेली घरे त्यांनी पाहिली आहेत. पूर्वी त्या आमच्या पत्नीला मासळी विकत असत. आता त्या येतात, पत्नीच्या उशाशी बसतात, लसूण सोलतात आणि बाजारातील भांडणे तिला साग्रसंगीत सांगतात. आम्हांला एवढेच म्हणतात, "दादा, तुमी आत जा." त्यांनी आमचे कौतुक कधीच केले नाही, उलट आमच्या कालवणात चिंच कमी असते, असे त्या सांगतात. गुरुवारचे घरकाम म्हणजे आमचा विसावा. बाकीचे सहा दिवस तेच घरकाम ओझे असते. काम तेच, हातही तेच. फरक त्या बाईंच्या दोन तासांचा.

कौतुकाचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. टाळ्या आम्हांला मिळाल्या, कारण आम्ही पुरुष आहोत. आमच्याच जिन्यातील एक भगिनी अनेक वर्षे आपल्या पतीला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी नेते, परत येऊन चूल पेटवते आणि मुलांच्या शाळेचेही पाहते. तिच्यासाठी कोणत्या सभेत टाळ्या पडल्या? ती रविवारी ख्रिस्तयागाला उशिरा आली तर मात्र माना वळतात. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार, भारतात विनामोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत पुरुषांची मिनिटे वाढली तर नाहीतच, उलट घटली. म्हणजे आमच्या विसाव्याचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी ते औषध स्वतः चाखलेले दिसत नाही. जे काम आमच्या हाती साधना ठरते, तेच पत्नीच्या हाती कर्तव्य म्हणून मोजलेही जात नाही. आमच्या सौभाग्यवतींनी बत्तीस वर्षे ती भांडी घासली. त्यांत त्यांना मनःशांती लाभते काय, हे आम्ही एकदाही विचारले नाही. आज विचारले तर त्या अर्ध्या शब्दांत हसतात.

कोणी म्हणेल, घरकाम ही प्रार्थनाच आहे. स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांतही परमेश्वर भेटतो, असे आविलाच्या संत तेरेजाने आपल्या भगिनींना शिकविले होते. आम्हांला ते मान्य आहे. परंतु त्या भगिनी मठात राहत होत्या. एकीला ताप आला तर कढई उतरवायला दुसरी उभी असे. आपल्या मराठी मातीतील संत जनाबाईची कथा पाहा. लोकश्रद्धा असे सांगत नाही की, विठ्ठल दारात उभा राहिला आणि जनीच्या कष्टांची वाखाणणी करून निघून गेला. तो जात्यापाशी बसला आणि त्याने खुंट्याला हात घातला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, रात्रभर राबून रित्या हाताने पहाटेला टेकलेल्या कोळ्यांना पुनरुत्थित प्रभूने काय दिले? किनाऱ्यावर विस्तव तयार होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. ज्यांना श्रमाचे अध्यात्म सांगावयाचे आहे, त्यांनी आधी विस्तव पेटवावा.

आम्ही १९८९ साली, बंदर सुरू झाले त्याच वर्षी, वसईहून येथे आलो. तेव्हा मुंबईला जायचे तर मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच गाठावी लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच दिवशी उरणची लोकलही धावू लागली आणि न्हावा शेवा नावाचे स्थानक आले. जगभरचे कंटेनर आमच्या दारात उतरतात. एवढे सारे जवळ आले, पण समोरच्या दारातून आमच्या दारात येण्याची चार पावले तेवढीच लांब राहिली. माणसे येतात, नाही असे नाही. केळी आणतात, पाच मिनिटे उभी राहतात, 'तुम्ही स्वतःला कामात गुंतवून घेता हे फार चांगले' असे म्हणतात आणि सुटल्यासारखी जिना उतरतात. घरकामाने आमचा भार हलका होतो, या समजुतीने त्यांच्या मनावरचा भार मात्र नक्कीच हलका होतो.

हे असेच चालायचे, असे मानण्याचे कारण नाही. केरळात कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाची एक संस्था सुरू झाली आणि पुढे त्या प्रयत्नांतून शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य माणसांना तेथे प्रशिक्षण दिले जाते आणि ती आपल्याच परिसरातील आजाऱ्यांकडे जातात. २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचे धोरणच स्वीकारले. या कामाला मोठी इमारत लागली नाही; नावांची एक यादी आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय लागली.

आपल्या धर्मग्रामांत सणासाठी समित्या आहेत, सहलींसाठी आहेत, क्रिकेटच्या सामन्यांसाठीही आहेत. तेव्हा आमचे मागणे तीन ओळींत मावते. प्रत्येक धर्मग्रामाने दीर्घ आजाऱ्यांच्या घरांची आणि दोन तास देणाऱ्यांची यादी करावी. त्या यादीत पुरुषांची नावे स्त्रियांच्या बरोबरीने असावीत. विवाहपूर्व शिबिरात वराला वेदीपुढील वचनाचा अर्थ समजावताना कूस बदलणे, अंथरुणातील माणसाला स्नान घालणे आणि पेज शिजवणे हेही शिकवावे. आजारपणात साथ देण्याचे वचन तोंडाने दिले जाते, पण ते हातांनी पाळावे लागते. आणि आजाऱ्याच्या घरी जाताना केळी विसरली तरी चालतील, घड्याळ मात्र काढून ठेवावे.

त्या दोन तासांत आमच्या स्वयंपाकघरात येऊन भांडी घासू नका. ती आम्ही घासू. ते आमचे सुख आहे. तुम्ही तिच्याजवळ बसा. तिला गप्पा आवडतात, आणि आमच्याजवळच्या सगळ्या गोष्टी तिच्या ऐकून झाल्या आहेत.